खिडकीकडचं कातडं

१

डुकराचा कान कसा सोलतात ते मी आता सांगणार आहे, तेव्हा जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

कान धुवायचा. वरचे राठ केस कात्रीने बारीक करायचे. मग मागच्या बाजूने ब्लेड घालून कातडं हळूहळू कुर्चेपासून, म्हणजे आतल्या मऊ हाडापासून, सोडवत न्यायचं आणि त्याच्या आतल्या अंगाची चरबी चमच्याने खरवडून काढायची. ही चरबी मोठी चिवट. हातमोजे काढले, साबणाने हात धुतले, तरी बोटं दिवसभर तुपकट वाटतात आणि दुपारी डब्यातली पोळी मी कागदात धरून खाते. लोकांना वाटतं, सारिकाला किळस येत नाही. येत कशी नाही? येते. पण किळस येते म्हणून घरी बसलं तर पगार कोण देणार?

आमची प्रयोगशाळा जळगावच्या एमआयडीसीत आहे, डाळ मिलच्या मागे. क्रीम, तेलं, शाम्पू बनवणारे लोक आमच्याकडे माल पाठवतात. तो कातडीतून किती आत जातो आणि कातडीला चावतो का, ते आम्ही बघतो. जिवंत जनावरावर असले प्रयोग करायला आता बंदी आहे, ते बरंच झालं. कान मात्र डुकरं कापणारे फेकूनच देतात, आणि डुकराचं कातडं माणसाच्या कातडीच्या फार जवळचं असतं. हे वाक्य नोकरीच्या पहिल्या दिवशी नवीन सरांनी मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. नवीन सर म्हणजे आमचे मालक, नवीन हे त्यांचं नावच. माणूस सज्जन, पण कशाचं कौतुक करावं ते त्यांना कळत नाही.

झुलालभाऊ बर्फाच्या डब्यात धुळ्याहून कान आणून देतात. मी त्यातून रुपयाच्या नाण्याएवढ्या चकत्या कापते. दोन तुकड्यांचं एक छोटं काचेचं भांडं असतं, त्याला आम्ही सेल म्हणतो. खालच्या तुकड्यात मिठाचं पाणी, वरच्या तुकड्यात क्रीम, आणि मधे पडद्यासारखी ही चकती, चिमट्याने घट्ट आवळलेली. पाणी अंगाइतकं कोमट ठेवायचं. अधूनमधून ते सुईने काढून तपासायचं. वरचं क्रीम खाली उतरलं असेल, तर ते कातडीतून गेलं. एवढंच शास्त्र. चावतं की नाही ते मात्र इथे कळत नाही, कारण मेलेलं कातडं लाल होत नाही. त्याला माणसं लागतात. त्यांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवायच्या आणि नंतर काढून बघायच्या.

आईला हे सगळं माहीत आहे आणि ती त्याबद्दल बोलत नाही. मी आले की मागच्या दाराने न्हाणीत जायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे, मगच स्वयंपाकघरात. मला त्याचा राग येत नाही. तिच्या जागी मी असते तर मला घरातच घेतलं नसतं.

२

दिपमाला माझी धाकटी बहीण. तिची कातडी म्हणजे फुलाची पाकळी, आणि हे कौतुकाने नाही, वैतागाने सांगते. साबण बदलला की पुरळ, गजरा घातला की मानेवर चट्टे. साखरपुड्याला पार्लरवालीने तोंडाला काहीतरी फासलं आणि तासाभरात पोरीचे डोळे सुजून फटी झाल्या. मुलगा तेजस शिरपूरचा, कॉलेजात लायब्ररीत नोकरीला. तो बिचारा तिला रुमालाने वारा घालत बसला. पण त्याच्या आत्याने भर मांडवात विचारलं, की मुलीला अंगाचं काही आहे का, असेल तर आत्ताच सांगा. आईने कशीबशी सोयरीक सांभाळून घेतली. तेव्हापासून दिपीला एकच धास्ती, हळदीची. आमच्याकडे हळद म्हणजे कपाळाला बोट लावण्याचा प्रकार नाही. मानेपासून पायापर्यंत माखतात, तेही मे महिन्यात, सगळ्या गावादेखत. तिथे पुन्हा तोंड सुजलं असतं तर लग्न तिथेच संपलं असतं.

म्हणून उटणी-तेलं बनवणाऱ्या रतनलालशेठांच्या मुलाने, अर्पितने, तो लेप तपासायला आणला तेव्हा मला आनंद झाला. लग्नासाठी तयार हळदीचा लेप, चंदन वगैरे घातलेला, नाजूक कातडीलाही चालेल असा. मी मनात म्हटलं, आधी मी बघते, मग माझ्या बहिणीला लावते.

सकाळी सगळे सेल मांडले, प्रत्येकात चकती आवळली आणि चकतीवर लेप घातला. पहिला लेप खिडकीकडच्या सेलमध्ये घातला, कारण उजेड तिकडे होता. खरं सांगायचं तर घालताना मला हसूही आलं होतं. डुकराच्या कानाची हळद.

३

दुसऱ्या दिवशी बाकीच्या सगळ्या सेलमध्ये लेप होता तसा होता, आणि खालचं पाणी किंचित पिवळसर झालं होतं. हळद एवढीच उतरते. खिडकीकडच्या सेलमध्ये लेप नव्हताच. काच स्वच्छ होती. ताट चाटून पुसून ठेवावं तशी स्वच्छ. खालचं पाणीही नितळ होतं, एक थेंब उतरला नव्हता.

गळलं असेल, म्हणून टेबल पुसून बघितलं. कोरडं. घालायलाच विसरले असेन, म्हणून पुन्हा घातला. जेवून येईपर्यंत तो संपला होता. आणि चकती लालसर दिसत होती.

इथे मी घाबरले नाही, हे लक्षात घ्या. हळद लाल का होते हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. चुन्याने होते, साबणाने होते, कुंकू तसंच करतात. मिठाच्या पाण्यात काहीतरी बिघडलं असणार. मी पाणी तपासलं. काही बिघडलेलं नव्हतं. मग मी काचेच्या कांडीने ती चकती जराशी दाबली. दाबली तिथे ती पांढरी पडली. कांडी उचलली, तसा लाल रंग हळूहळू परत भरला.

तुम्ही स्वतःचं मनगट दाबून बघा, तसंच होईल. ते रक्ताने होतं. त्या चकतीला रक्त कुठून येणार? ती मी माझ्या हाताने खरवडली होती. मी कांडी फेकून दिली आणि बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिले, साबणाची वडी अर्धी होईपर्यंत.

४

नवीन सरांना दाखवलं तर त्यांना आनंद झाला. म्हणाले, शोषण बघा किती सुंदर आहे, ही चकती काढू नका, चालू द्या. मी म्हटलं, सर, ती लाल होते. ते म्हणाले, सारिका मॅडम, उन्हाने होतंय तुम्हाला, लग्नाची धावपळ आहे, लिंबूपाणी घ्या. आणि त्यांचंही चुकत नव्हतं. जळगावच्या मे महिन्यात माणसाला काहीही दिसू शकतं.

त्याच आठवड्यात दुपारची वीज गेली. पाणी कोमट ठेवणारं यंत्र बंद पडलं. खोलीत एसीचा गारवा अजून होता, सेल गार व्हायला लागले म्हणून मी एकेकाला हात लावून बघत गेले. खिडकीकडचा गरम होता. उन्हाने, मी म्हटलं, आणि पडदा ओढला. बराच वेळ थांबून पुन्हा हात लावला. तेवढाच गरम होता. मग मी स्पिरिटचा बोळा त्या चकतीवर ठेवला, गार लागतं ना, तसा. तिच्यावर बारीक बारीक काटा उभा राहिला. सोलताना कापलेले केसांचे खुंट ताठ झाले आणि बोळा काढल्यावर पुन्हा निजले.

चकती काढून टाकायचीच, म्हणून मी चिमटा सोडवला. वरचा काचेचा तुकडा निघेना. चकतीची कापलेली कड जखम भरून यावी तशी भरली होती आणि काचेच्या ओठाला धरून बसली होती. आत वाकून बघताना खालच्या पाण्याचा वास माझ्या नाकात गेला. आमच्याकडे कानांचा वास येतो, स्पिरिटचा येतो, खवट चरबीचा येतो. हा तसला नव्हता. एखादा बाप्या उन्हात झोपून उठला की बनियनला येतो ना, तो वास. घामाचा. मी नाक दाबलं. मी चिमटा पुन्हा आवळला. लेपाच्या त्या डब्यावर मी लाल पेनाने 'टाकून द्यावा' असं लिहिलं आणि तो खालच्या कपाटात सारला.

पट्ट्यांचे निकाल यायचे होते. मी देवाला म्हटलं, एकाच्या तरी पाठीवर चट्टा उठू दे. कुणाच्याच उठला नाही. सगळ्यांच्या पाठी स्वच्छ. वना नावाची बाई होती, तिला घड्याळाचा पट्टासुद्धा चावायचा. तीही म्हणाली, ताई, उलट मऊ वाटतंय. इतका निर्दोष माल आमच्याकडे कधी आला नव्हता. अर्पित पेढे घेऊन आला. मी पेढा हातात धरून उभी राहिले, खाल्ला नाही.

घरी जाऊन दिपीला मी एवढंच सांगितलं, की तो लेप लावायचा नाही, पायाच्या अंगठ्याला साधी हळद लावू आणि तुझ्या अंगाला हात लावणाऱ्याला मी बघून घेईन. तिने विचारलं, तपासात काही निघालं का? काय सांगणार होते मी? डुकराच्या कानाला घाम येतो म्हणून? निघालं काही नाही, पण नकोच, असं म्हणून मी उठले.

५

आमच्याकडे हळद आधी नवरदेवाला लागते. त्याच्या अंगाला लावून उरलेली ती उष्टी हळद. ती शिरपूरहून वाजतगाजत येणार होती आणि तीच दिपीला लागणार होती. मंगळसूत्र, सप्तपदी हे सगळं नंतरचं. ज्याची उष्टी अंगाला लागली, त्याची ती झाली, असं आमच्या बायका मानतात, आणि मीही मानते म्हणा ना, लहानपणापासून ऐकलेलं असं सुटत नाही.

हळदीच्या दिवशी पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत मांडव पडला होता. शिरपूरकरांची गाडी पारोळ्याजवळ पंक्चर झाली आणि फोनवर नुसतं निघालोच, निघालोच चाललं होतं. मला आईने हार आणायला बाजारात पिटाळलं. हारवाल्याने वेळ काढला. परत आले तर गाणी सुरू झालेली, आणि दिपी पाटावर बसलेली, मानेपासून पायापर्यंत पिवळीधमक.

मी विचारलं, शिरपूरची हळद आली का? आई म्हणाली, येते आहे, मुहूर्त टळत होता म्हणून सुरुवात केली. मग ही कुठली? दिपीने लाडात येऊन पाटाखालून डबा काढून दाखवला. अर्धा रिकामा डबा. माझ्या अक्षरात लाल पेनाने लिहिलेलं पिवळ्या बोटांनी पुसट झालं होतं.

तिने नवीन सरांना फोन केला होता. सर म्हणाले होते, दुकानातला नवा डबा कशाला, त्याची काय खात्री, ताईने स्वतः तपासलेलाच घे. आणि सकाळी झुलालभाऊंच्या हाती पाठवूनही दिला होता. सज्जन माणूस!

"तू तपासलेला आहे म्हणून मला भीतीच वाटली नाही, ताई," दिपी म्हणाली. "बघ ना, काहीच होत नाही मला."

खरंच काही होत नव्हतं. चेहरा नितळ, अंग नितळ. बायका म्हणत होत्या, काय तेज आलंय पोरीला. मी ओल्या टॉवेलने पुसायला धावले, तर आईने हात धरला, अपशकुन करतेस का म्हणून.

तेवढ्यात शिरपूरची गाडी आली. तेजसच्या आत्याने चांदीची वाटी पुढे केली. भिकुअक्का, म्हणजे वडिलांची आत्या, धुळ्याकडच्या खेड्यातली, घरातली सगळ्यात म्हातारी, तिने आंब्याच्या पानाने त्यातली हळद घेतली आणि दिपीच्या हाताला लावली. ती लागली नाही. पिठासारखी सुकून खाली पडली. अक्काने पुन्हा लावली, गालाला, गळ्याला. पुन्हा पडली. पाटाभोवती पिवळी भुकटी साचली. बायका हसल्या, म्हणाल्या, उन्हाने वाळली असेल, पाणी घाला. पाणी घातलं. ओघळ दिपीच्या अंगावरून तेलावरून जावेत तसे घसरून गेले.

अक्का हसली नाही. तिने दिपीचा हात उलटा केला, हुंगला, आणि सोडून दिला. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "इले आदीच लागेल शे, माय. आते दुसरी कशी लागई? पहिली कोनी उष्टी शे?"

पहिली कुणाची उष्टी, असं ती विचारत होती, आणि त्या डब्यातला पहिला लेप मी कुठे घातला होता ते मला आठवलं. कुणाचं लक्ष नव्हतं. डीजे लागला होता. मी दिपीच्या डाव्या खांद्यावरचा पदर सारखा करायच्या मिषाने बाजूला केला. तिथे तिची चामखीळ होती, मसुरीच्या दाण्याएवढी. लहानपणी मी तिला मसूरडाळ म्हणून चिडवायची आणि ती रडायची. ती नव्हती. तिथे कातडी गुळगुळीत होती, आणि हळदीखाली एक गोल दिसत होता, रुपयाच्या नाण्याएवढा.

६

मी तशीच स्कूटी काढली. उन्हाने रस्ता उकळत होता, डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी स्वतःला समजावत होते. लेपाने चामखीळ झडली असेल. झडतात चामखिळी. चुन्याने झडतात, बायका केसाने आवळतात तेव्हा झडतात. गोल म्हणजे ब्लाउजच्या बटणाचा वळ असेल. एमआयडीसी येईपर्यंत मला हे बऱ्यापैकी पटलं होतं.

सुटीचा दिवस होता. कुलूप काढून आत गेले. आत गरम, बंद, तोच वास. खिडकीचा पडदा मी ओढून गेले होते, तो अर्धा उघडा होता. बाकीचे सेल मी केव्हाच धुऊन ठेवले होते. खिडकीकडचा तेवढा उभा होता, नवीन सरांच्या कृपेने.

चकती पिवळी होती. त्यात आता कुणी लेप घातला नव्हता, तरी ताज्या हळदीने माखल्यासारखी पिवळी. आणि अगदी मधे, मसुरीच्या दाण्याएवढी, चामखीळ होती. तिच्यावरचा एक वाकडा केससुद्धा मी ओळखला. हे बघून मी काय करायला हवं होतं? ओरडायला हवं होतं. मला राग आला. माझ्या बहिणीची वस्तू ह्या घाणीने घ्यावी! मी चिमटा घातला, चामखीळ धरली आणि ओढली.

ती ताणली. चकती खालून फुगली, श्वास घेतल्यासारखी वर आली. आणि टेबलावरचा फोन वाजला. आईचा. मागे किंकाळ्या ऐकू येत होत्या. आई म्हणत होती, तू कुठे आहेस, दिपीला काय झालंय बघ, खांदा धरून लोळतेय, कुणीतरी मांस तोडतंय म्हणते, तिथे तर काहीच नाही.

मी चिमटा सोडला. चकती खाली बसली. फोनमध्ये किंकाळी थांबली.

७

लग्न झालं. त्याला मी काय करणार होते? कोणाला काय सांगणार होते? दिपी हसत सासरी गेली, आणि साखरपुड्यातलं तोंड विसरून सगळे तिच्या कांतीबद्दल बोलत होते.

पहिला फोन आला तो शिरपूरला गेल्यावर लगेच. तेजसने हात धरला की त्याच्या बोटांचे वळ उठतात, फोड येतात. दुसऱ्या कुणाच्या हाताने होत नाही, सासूच्या नाही, नणंदेच्या नाही. फक्त नवऱ्याच्या. त्याने साबण बदलले, कडुनिंबाच्या पाण्याने हात धुतले. आता तो वेगळा झोपतो, आणि आत्याबाईंना पुन्हा कंठ फुटला आहे. दिपी रडत नव्हती, हे मला जास्त लागलं. ती म्हणाली, "ताई, तो चांगला आहे गं. पण तो जवळ आला की मला वाटतं, हा परका पुरुष आहे."

मग मी ठरवलं, ह्याला मारायचं. ओढून नाही, हळूहळू. सरांनी चालू ठेवायला सांगितलेला लेप बंद केला, पाणी काढून टाकलं. चकती सुकत गेली, आक्रसली, तिला बारीक चिरा पडल्या. मी डबा खाताना तिच्याकडे बघत बसायची आणि त्या दिवसांत मला पहिल्यांदा चवीने जेवण गेलं. मग शिरपूरहून तेजसचा फोन आला. दिपीची कातडी वाळलेल्या चिखलासारखी तडकते आहे, ओठांतून, टाचांतून, पापण्यांतून रक्त येतंय, दवाखान्यात ठेवलंय, पाणी मागते आणि पाणी पुरत नाही.

मी फोन ठेवला आणि धावत जाऊन सेलमध्ये पाणी भरलं. अर्पितकडून डबे मागवले. लेप घातला, माझ्या बोटाने, कारण चमचा शोधायला वेळ नव्हता. ती चकती माझ्या बोटाखाली मऊ पडली. ऊन, किंचित ओली, आणि तिने माझं बोट धरलं. धरलं म्हणजे काय ते मला सांगता येत नाही. वासराच्या तोंडात बोट दिलं की ते कसं धरतं, तसं. मी बेसिनपाशी जाऊन ओकले. त्याच दुपारी दिपी दवाखान्यात उठून बसली.

८

तेव्हापासून मी त्याला जेवू घालते. सकाळी आल्यावर आणि जाताना, शिवाय डब्याआधी, कारण त्याच्याआधी मी जेवले तर दिपीला घेरी येते. जावयाच्या आधी ताट घेऊ नये हे आईने शिकवलं होतं, ते असं उपयोगी पडलं. नवीन सरांना सांगितलंय की हा प्रयोग लांब मुदतीचा आहे. ते कौतुकाने मान हलवतात. मी दुसरीकडे नोकरी धरू शकत नाही, आजारी पडू शकत नाही, गावाला जाऊ शकत नाही. दिपी तिकडे जगते आहे ती माझ्या बोटावर. तेजसने अजून सोडलेलं नाही तिला. कुठवर धरेल, माहीत नाही.

किळस कमी झाली नाही. वाढलीच. चकतीला आता काठाने मिशीसारखे केस फुटलेत, ते लेपात भिजतात. मी तोंड फिरवून लेप घालते, आणि काच चाटून पुसून होईपर्यंत उभी राहते, कारण ते संपवतं आहे हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आजवर त्याने कधी कणभर टाकलं नाही.

आज सकाळी आले आणि नेहमीसारखी काच बघायला वाकले. काल संध्याकाळचा लेप सगळा संपला नव्हता. आधी जीव उडाला, दिपीला काही झालं म्हणून. फोन केला. ती बरी होती, झोपेतून उठत होती. म्हणाली, खांद्यावर आज खूप हलकं वाटतंय गं ताई, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, कुणीतरी हात काढून घेतल्यासारखं. मागून तेजस काहीतरी म्हणाला आणि ती हसली. पोरीला मी कितीतरी दिवसांनी हसताना ऐकलं.

मी फोन कानाला धरूनच पुन्हा सेलकडे बघितलं. उरलेला लेप इकडेतिकडे सांडला नव्हता. काचेच्या काठावर, माझ्या बाजूला, नीट एका ठिकाणी सारून ठेवला होता. बोटभर. उष्टी हळद ठेवतात तशी.

दिपी विचारतेय, ताई, ऐकतेस ना? मी तिला म्हटलं, काही नाही, काम आहे, तू चहा घे.

हातमोजे टेबलावरच आहेत. तो लेप उचलताना ते घालायचे की नाही, एवढंच आता उरलंय.